वरची एक बांगडी

आपा, ये गं जरा जवळ. बस अशी माझ्यासमोर, पाय लांब करून बस, तुझे गुडघे काय मला नवीन आहेत का. आणि आता गप ऐक. जन्मभर तू बोललीस आणि मी हात पुढं करून बसले. आज हात तुझे मी धरलेत, बोलणार पण मीच.

काय म्हणावं गं तुला? कुणाच्या दारात बांगड्या भरायला बसलीस तर शेवटची बांगडी चढल्याशिवाय उठली नाहीस कधी. चहा पुढं आला तरी कप बाजूला सारायचीस, "पैले हात, चाय बाद में." आणि स्वतःच्या वेळेला एवढं मोठं काम अर्ध्यात टाकून चालती झालीस! दुपारची नमाज झाली, रफिकला म्हणालीस जरा पडते, आणि त्यानं चहाला हाक मारली तर तू हूं नाही की चूं नाही. लेकाला असं कुणी घाबरवतं का? तुझी तर रीत अशी की निघाले निघाले म्हणून दारातून चारदा माघारी फिरायची. "हौ कमल, एक बात तो रहेच गई." तीच तू, एकदाही मागं वळली नाहीस. राग आलाय मला. तो आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं नीट बोलता येईल.

तू गेलीस तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, मनियारीण होती, मायाळू होती, हाताला हलकी होती, बांगडी चढलेली कळायची पण नाही. खरं आहे ते. पण तेवढंच? माझ्या मंजूचं नाव आता पेपरात येतं. लोक मला विचारतात, कमलबाई, तुमच्यात कुणी नाचणारं नाही, गाणारं नाही, मालक एसटीच्या वर्कशॉपात होते, मग पोरीला हे कुठून आलं? मी आजवर हसून सोडून दिलं, कारण तू शपथ घालून माझं तोंड शिवून ठेवलं होतंस. माझं शिक्षण सातवीचं. पुढचं सगळं मंजूची पुस्तकं पुसता पुसता वाचलेलं. लिहिताना चुकेल. चुकू दे. शपथ घालणारीच राहिली नाही, तर आता मी लिहिणार.

मंजू पहिलीत असेल. संक्रांत जवळ आली म्हणून तू आमच्या ओट्यावर पेटी उघडून बसली होतीस. मोठ्या बायांचं झालं, मग मंजूनं हात पुढं केला. तू तिच्या अंगठ्याचं हाड आत दाबलंस आणि थांबलीस. परत दाबलंस. मला वाटलं, पोरीचा हात मुरगळला की काय.

"कमल, इदर आ. ह्या पोरीला हाड हाय का न्हाई गं?"

"कावून? काय झालं?"

"हात न्हाई हा, मासोळी हाय. सुटून चालली माझ्या मुठीतून."

बांगड्या चढल्या की बाकीच्या पोरी घरी पळाल्या, रंग दाखवायला. ही तिथंच उभी. हात वर न्यायची, मनगट फिरवायची, बांगड्या कोपराकडं घरंगळल्या की पुन्हा हात खाली. तुझी पेटी आवरून झाली तरी हिचं चाललेलंच. तू लई वेळ बघत राहिलीस. म्हणालीस, "बाकीच्या पोरी चुड्या बघतात. ही हात बघती. हिला वाया नको घालवू."

मला काय कळणार त्यातलं? पण तुझे पाय गावभर. पाटबंधाऱ्याच्या साहेबांच्या घरच्या वैद्यबाई भरतनाट्यम शिकवतात, पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये क्लास लावलाय, ही खबर तूच आणलीस. आमच्या ह्यांना विचारलंस पण तूच. "भाऊ, पोरीला नाच शिकायला धाडायचं हाय." हे ग्रीसचे हात पुसत होते. म्हणाले, "धाडा की. आमच्या गाड्या दिवसभर रस्त्यावर नाचतात, पोरगीबी नाचू द्या."

खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची. वैद्यबाईंचा नियम होता, ताल चुकला तर गिरणीला दोष द्यायचा नाही. आमची मंजू घरी आली की केसांत पीठ आणि टाचा लाल. जेवताना एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं मुद्रा. हे तिला म्हणायचे, "अगं, तो हात भाजीवर मोर करून बसलाय, त्याला उठव."

मंजू चौथीत होती तेव्हा हे गेले. वर्कशॉपातच छातीत दुखलं, आणि गेलेच.

दहाव्याला बायका जमल्या. कुणीतरी वरवंटा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. तू मागच्या दारानं आत आलीस. तुला कुणी बोलावलं नव्हतं. बायकांमधून वाट काढत आलीस आणि माझ्यासमोर बसलीस, जशी नेहमी बसतेस तशीच, पाय लांब करून.

"ह्या चुड्या मी भरल्यात. काढणार बी मीच."

चुलतसासू म्हणाल्या, "आपा, काढायच्या नसतात त्या. फोडायच्या असतात."

"माझ्या हातानं भरलेली मी आजपर्यंत मुद्दाम फोडली न्हाई, काकी. आज कावून फोडू? तुमाला हात रिकामा पायजे ना? देते रिकामा करून."

मंजूला म्हणालीस, जा, तांब्या आण, साबण आण. पोरगी तांब्या धरून उभी राहिली. तू माझ्या हाताला फेस केलास आणि झोपलेल्या लेकराच्या अंगातला सदरा काढावा तशी एकेक बांगडी उतरवलीस. एकही तडकली नाही. घरातलं रडणं थांबलं होतं. एकीवर एक ठेवताना त्यांचा जो आवाज व्हायचा तेवढाच. मग त्या रुमालात बांधून पेटीत ठेवल्यास आणि माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "अमानत हाय. रखती मैं."

मंजूनं ते सगळं बघितलं. ते तिनं मनात कुठं नेऊन ठेवलं, ते मला लई वर्षांनी कळलं.

पुढं आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरानं, क्लास बंद केला. "बाप गेला आन् पोरगी घुंगरू बांधून नाचती? लोक तोंडात शेण घालतील, वहिनी." मी काय बोलणार, घर त्यांच्या आधारावर चाललेलं. मंजू रडली नाही, नुसती भिंतीला टेकून बसायची. चार-आठ दिवसांनी तू दारात. पेटी खाली ठेवून कमरेवर हात, तोंड असं केलेलं जसं काही आता पडतेस.

"भाऊजी, मला पेटी उचलत न्हाई आता. मंजूला धाडा माझ्यासंगं. चुड्या भरायचा धंदा शिकंल."

भाऊजी खूश! "शिकू द्या. बापाविना पोरगी, हातात कायतरी पायजे."

आणि तू तिला घेऊन सरळ गिरणीवर. पेटीत वर बांगड्या, खालच्या खणात घुंगरू. वाटेत खड्डा आला की घुंगरू वाजायचे, आणि ते वाजले की तू मोठ्यानं खोकायचीस. अख्ख्या बीडला वाटायचं आपाला दमा झालाय. मंजू वर नाचायची आणि तू जिन्यात बसून दळण घेऊन आलेल्या बायांना बांगड्या भरायचीस. "पीठ व्हईस्तोवर हात भरून घ्या गं." मला वाटायचं, काय मजेत बसते ही जिन्यात. तेव्हा मला कुठं माहीत होतं.

एकदा पाहुणे आले तर भाऊजींनी ऐटीत सांगितलं, आमची मंजू मनियारकाम शिकती, लई हुशार. पाहुणी म्हणाली, मग माझ्याच हातात भरून दाखव. झालं! पोरीनं एक चढवायला तीन वाढवल्या. पाहुणीच्या बोटाला काच लागली. भाऊजी म्हणाले, "शिकती अजून, नवीन हाय." तू दारामागं तोंडात पदर कोंबून हसत होतीस, मला दिसत होतं.

मग शाळेचं गॅदरिंग आलं. आता लपवणार कसं? भाऊजी पुढच्या रांगेत. तू वर्गात सगळ्या पोरींना ओळीनं बसवून हिरव्या बांगड्या भरल्यास, आणि प्रत्येकीच्या डाव्या हातात, सगळ्यांच्या वर, एक पिवळी. वैद्यबाई म्हणाल्या, "आपा, हे काय, रंग जुळत नाही."

"वरची एक माझी हाय, बाई. ऱ्हाऊ द्या."

मंजू स्टेजवर आली तसा भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण नाच संपला तर सगळी शाळा उभी. हेडबाईंनी तिला जवळ घेतलं. भाऊजी उठून आमच्याकडं यायला निघाले. तू त्यांच्या आधी बोललीस, "कसा काय वाटला आमचा धंदा, भाऊजी?"

ते उभे राहिले. मग म्हणाले, "आपा, तुमच्या पेटीत अजून काय काय हाय ते वरच्यालाच ठाऊक." बस. पुन्हा कधी त्यांनी नाचाला आडकाठी केली नाही. पुढं तर घुंगरांचा चामडी पट्टा तुटला की तेच चांभाराकडं घेऊन जायचे.

वैद्यबाईंची बदली झाली. मंजूनं दहावीत असतानाच गल्लीतल्या बारक्या पोरी गोळा करून शिकवायला घेतलं. बारावी झाली आणि आपल्या दोघींचं ते भांडण. मी म्हणत होते डी.एड. कर, नोकरी लागेल. तू म्हणालीस, "मास्तरीण झाली तर दरसाल तोच धडा शिकवंल. हिला रोज नवीन लागतंय, कमल. तू भाकरी थापताना बघत न्हाईस का तिला? तुझी थाप बंद झाली की तिचे पाय थांबतात." तुझं खरं झालं. औरंगाबादला जाऊन तिनं नृत्याची पदवी केली. मग पुण्याला दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये, मागच्या रांगेत. दर सुट्टीला यायची तेव्हा गप्प गप्प असायची. एकदा बॅग घेऊनच आली.

"आई, दुसऱ्यांनी बसवलेलं नाचून झालं. आता मला बसवायचंय."

"कुणाकडं नोकरी?"

"कुणाकडंच न्हाई."

मी डोक्याला हात लावला. तू म्हणालीस, "मी कोणाकडं नोकरीला हाय? पेटी उचलायची, चालायचं."

आणि चाललीच की पोरगी. लग्नातल्या संगीताचे नाच बसवले. वरमाय, वरबाप, अडीच मणाचे मामा, सगळ्यांना नाचवलं. डिसेंबर उजाडला की गावोगावच्या शाळांची गॅदरिंगं. तू पेटी घेऊन तिच्यासंगं एसटीत. चौसाळ्याचे ते सर आठवतात का? "मॅडम, टीव्हीवर चालतंय तसलंच बसवा. पालक खूश झाले पाहिजेत." तेव्हा निम्म्या पोरींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. तू पेटीवरून मान वर न करता म्हणालीस, "सर, पालक कारखान्याला हायेत. समोर आज्या बसणार. आज्या खूश झाल्या म्हंजी झालं."

मंजूनं पोरींना गाणं दिलंच नाही आधी. म्हणाली, तुमची आई कारखान्याला निघताना काय काय बांधती, ते मला हातानं दाखवा. एकीनं गोधडी बांधली, एकीनं तवा गुंडाळला, एकीनं कोंबडी काखेत मारली आणि ती सुटली म्हणून स्टेजभर धावली. त्याचाच नाच झाला. समोर आज्या हसून हसून लोळल्या. "आगं, ही तर माझी सून, हुबेहूब! अशीच तवा विसरती आन् माघारी येती." आणि शेवटी सगळ्या पोरी, बांधून झालेले हात घेऊन, नुसत्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्याच आज्यांनी पदर डोळ्यांना लावले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं माझी लेक काय करते ते. तुला ते ओट्यावरच कळलं होतं.

मग तिचा स्वतःचा ग्रुप झाला, सगळ्या आपल्याच बीडच्या पोरी. पुणं, बेंगळुरू, दिल्ली. कुठलाही फोटो काढून बघ, सगळ्यांच्या डाव्या हातात वरची एक वेगळी. दिल्लीला म्हणे एका मोठ्या बाईंनी विचारलं, ही तुमची काही खास पद्धत आहे का. मंजू म्हणाली, "आमच्या आपाची आहे." तिला तेवढंच माहीत होतं.

आता कपिलधारचं बोलते. तू म्हणशील, नको काढू. काढणार.

मागच्या श्रावणात मंजूनं आपल्या दोघींना रिक्षात घालून कपिलधारला नेलं. धबधबा भरून वाहत होता. पाण्यात पाय सोडून आपण बसलो, तेव्हा तिनं सांगितलं की नवीन नाच बसवलाय. एक बाई, तिचे हात, आणि एकेक बांगडी उतरत जाते, एकही न फुटता. तू ताडकन म्हणालीस,

"कमलचं दुःख तिकीट लावून दाखवती का तू?"

पाण्याच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं. दर्शनाला आलेली माणसं वळून वळून बघायला लागली.

"दुःख न्हाई, आपा. तुमची हिंमत दाखवते."

"हिंमतबिंमत कुछ नै. आखरीला काय हाय? शेवट?"

"हात रिकामे. दिवे बंद."

"बस? एवढंच?"

"एवढंच तर झालतं."

तू माझ्याकडं वळलीस. "एवढंच झालतं का गं कमल?" मी पाण्याकडं बघत बसले. तुझीच शपथ होती, मी काय सांगणार? तू चप्पल घातलीस. "अर्धंच केलंस, मंजू. बीडला आणशील तवा समोर बसून बघीन. आन् मग शिव्या देईन, सगळ्यांदेखत."

पुण्यात तो नाच झाला. पेपरात आलं, लोकांनी डोक्यावर घेतला. मंजू फोनवर दाखवायला आली तर तू तोंड फिरवलंस. "मनियारीण फोनवर चुड्या भरती का? समोर बघीन म्हनलं ना." तेव्हापासून पोरीचं एकच, बीडला करायचं, आपाला समोर बसवायचं. हॉल ठरला, पोस्टर लागली. आणि तू दुपारची पडलीस ती पडलीसच.

मंजूनं दुसऱ्या दिवशीच सांगितलं, कार्यक्रम होणार नाही. मी म्हटलं, अगं लोकांना कळवलंय. म्हणाली, "पहिल्या गॅदरिंगपासून आपानं हात भरल्याशिवाय मी बीडच्या स्टेजवर गेले न्हाई. माझा हातच उचलणार न्हाई, आई." कुणीतरी म्हणालं, बाजारात मनियार काय कमी आहेत का? ती उठून आत गेली.

आणि वरून ते तुझं "अर्धंच". ते तिला खात होतं. आपाला आवडला नाही, आपा नाराज गेल्या, एवढंच तिच्या मनात बसलेलं. नाचच सोडते का काय अशी भीती वाटायला लागली मला. मग एका सकाळी चहा ओतता ओतता मी तुझी शपथ मोडली. रागाव, काय करायचं ते कर.

सांगितलं तिला, की ह्यांना जाऊन वर्ष झालं, पुढची संक्रांत आली, मंजू, तू क्लासला गेली होतीस आणि आपा भर दुपारी घरात आली. कडी लावली. रुमाल सोडला. त्याच बांगड्या. मी हात मागं घेतले. म्हटलं, आपा, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, अमानत होती, वापस करती. एकेक चढवत गेली, आणि शेवटी पेटीतून एक पिवळी काढून सगळ्यांच्या वर घातली. "ही माझी. कुनी विचारलं तर हात पुढं करायचा आन् सांगायचं, ही तिची हाय, जा, तिलाच विचारा."

आणि लोकांनी विचारलं, आपा. मला नाही, तुलाच. त्या लग्नसराईत घराघरांनी तुला बोलावणं बंद केलं. विधवेच्या हातात चुडा भरणारी मनियारीण आमच्या नवरीला नको, म्हणाले. ज्या घरांत तू आयांचे हात भरलेस त्यांनी लेकींच्या लग्नात दुसरी मनियारीण आणली. तू गिरणीच्या जिन्यात बसायचीस ती मंजूसाठी, असं जग समजलं, मीही समजले. त्या वर्षी तुला बसायला दुसरी जागाच राहिली नव्हती. मला ते रफिकच्या अब्बांकडून कळलं आणि मी भांडायला आले, तर तू शपथ घातलीस. "मंजूला कळता कामा नै. पोरगी माझं ओझं घेऊन नाचंल."

मंजूनं ऐकून घेतलं. चहा गार झाला. माझा डावा हात ओढून घेतला आणि वरची पिवळी बोटानं फिरवत राहिली. जन्मभर बघितलेली बांगडी, जणू आजच दिसली. मग म्हणाली, "म्हणून आपा अर्धं म्हणाल्या." आणि उठली. चेहऱ्यावरून मला कळलं, कार्यक्रम होणार.

तुझा चाळीसावा दिवस व्हायचा होता. म्हणून आधी रफिकला विचारायला गेलो. त्यानं पेटीच आणून मंजूच्या पुढ्यात ठेवली. "अम्मी समोर बसून बघणार बोलली होती ना? मग आमी बसतो. करो."

कार्यक्रमाच्या दिवशी पोरींचे हात दुसऱ्या मनियारानं भरले. मंजूनं स्वतःचे भरून घेतले नाहीत. पुण्याच्या नाचात घातलेल्या त्याच काचेच्या बांगड्या तिनं आपल्या हातानं, हळूहळू चढवल्या, आणि वरची पिवळी घातलीच नाही. मला एवढंच म्हणाली, "पेटी मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बस." कशाला, ते सांगितलं नाही.

हॉल भरला होता, आपा. आपलं बीड! गल्लीतल्या बाया, वर्कशॉपातले म्हातारे, चौसाळ्याचे सर, तुझी नातवंडं. तुला काय सांगू तिनं काय केलं. बांगडी उतरताना हात कसा लहान होतो, ते दाखवलं. मला वाटलं माझ्याच हातावर साबण आहे. शेवटची उतरली, हात रिकामे झाले. पुण्यात इथंच दिवे गेले होते. इथं गेले नाहीत. ती स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आली, माझ्यासमोर फरशीवर बसली, पाय लांब करून, आणि दोन्ही हात पुढं केले.

मी पेटी उघडली. गाणं नाही, बाजा नाही. शेकडो माणसांच्या समोर मी, विधवा बाई, लेकीच्या हातात बांगड्या भरायला बसले. पहिलीच वाढवली. मागून कुठूनतरी सुस्कारा आला. तेव्हा ही ओठ न हलवता मला म्हणते, "हाड दाब, आई. घाबरू नको, मासोळी हाय."

मग चढली. मग पुढची. सगळ्या चढल्या. शेवटी तळाच्या खणात हात घातला आणि पिवळी काढली. ती भरताना मी मोठ्यानं म्हणाले, "ही आपाची." कुणी सांगितलं नव्हतं म्हणायला. निघून गेलं तोंडातून. रफिकनं मान खाली घातली.

मंजू परत स्टेजवर गेली. हात वर नेला, मनगट फिरवलं, बांगड्या कोपराकडं घरंगळल्या. पुन्हा खाली. आमच्या ओट्यावर उभी होती तश्शीच. सगळ्या हॉलला तेवढाच आवाज. नाच तिथं संपला.

बाहेर पडताना भाऊजी काठी टेकत जवळ आले. म्हणाले, "वहिनी, मनियारकाम तुमीबी शिकलात व्हय?" आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

आता मंजू परवा मुंबईला हाच नाच घेऊन चाललीय, पुरा केलेला. माझी लेक म्हणून मला अभिमान आहे, पण अर्धा अभिमान तुझ्या हिश्शाचा आहे, तो मी कुठं ठेवू? तुझ्या शिव्या तेवढ्या राहिल्यात. पोरगी अजून विचारते, आई, आपा काय म्हणाल्या असत्या? मी सांगत नाही. ते तुझं तू सांग.

संक्रांत चार दिवसांवर आली. माझ्या हातातल्या बांगड्या सैल झाल्यात गं, भाकरी थापताना पुढं येतात, मनगटं वाळली. दुसऱ्या कुणाच्या हातून भरून घेणार नाही मी. ये लवकर. दारातून माघारी फिरायची तुझी सवय, एवढी बात राहूनच गेली म्हणून ये. ओटा झाडून ठेवलाय, चहा नंतर ठेवते. आणि येताना अडीचचं माप आणू नको, सव्वादोनचं आण.